नानांचं उन्हाळी आवर्तन

नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्याशी कुणी भांडत नाही. काठीची राजवाडी होळी पेटली, की माणसं आपापला दिवस दोन्ही टोकांना सरकवून घेतात. पहाटे शेतात, अकराच्या आत घरात, दुपारी दुकानांची शटरं अर्ध्यावर आणि पाचनंतर गाव पुन्हा जागं. 1 जुलै 1998 ला आम्ही धुळ्यापासून वेगळे झालो. तेव्हा कार्यालयं, फायली, टेबलखुर्च्या सगळ्याची वाटणी झाली. ऊन मात्र दोघांनाही पुरून उरलं. मे महिन्यात पारा 43-44 वर जाऊन बसतो आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. काढलंच तर "आज जरा तापलंय" एवढंच, तेही टोपीने वारा घेत.

नाना मात्र भांडतात.

शहाद्यात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात कालव्याचं पाणी मोजण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी सुतारकाम धरलं. धरलं म्हणजे अवजारं घेतली. रंधे लहानमोठे, पटाश्या पाव इंचापासून दीड इंचापर्यंत, करवती, गिरमिट, गुण्या, शिकंजे. सगळी भिंतीवरच्या फळीला टांगलेली, आणि प्रत्येकाच्या मागे पेनाने त्याची आकृती काढलेली. म्हणजे एखादी पटाशी जागेवर नसली तर तिची गैरहजेरी लागावी. हजेरी बराच काळ शंभर टक्के होती. कारण पटाशी जागेवरून हलायची तर वर्कशॉपमध्ये माणसाला बसवलं पाहिजे, आणि तिथे बसवत नाही. उकडतं.

हा नमुना एकट्या शहाद्याचा नाही. गाणं शिकण्याआधी खोलीत आवाज घुमतो का ते बघत भिंतींना गाद्या लावणारे, पुस्तक लिहायला घेण्याआधी टेबलावर उजेड डावीकडून यावा की उजवीकडून यात वर्ष घालवणारे, हे सगळे नानांचेच सख्खे भाऊ. लोक त्यांना आळशी म्हणतात ते साफ चूक. आळशी माणूस दुपारी झोपतो. नाना दुपारी पत्र्यावर असतात.

वर्कशॉप म्हणजे मागच्या अंगणातला जुना गोठा. तीन बाजूंनी विटांची भिंत, वर पत्रा, आणि दार नेमकं पश्चिमेला. म्हशी होत्या तेव्हा त्यांनी कधी तक्रार केली नाही, असं माई म्हणतात. माई म्हणजे नानांची बायको. त्या या जागेला सरळ 'भट्टी' म्हणतात. खरं तर नानांच्या वडिलांचं घर धाब्याचं होतं. हातभर जाड मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर खारी माती चोपून केलेलं छत. बाहेर पेटलेलं असायचं आणि आत माणूस घोंगडी शोधायचा. ते घर पावसाळ्यात गळतं म्हणून स्वतः नानांनीच पाडलं आणि स्लॅब टाकला. त्यातली एक तुळई गोठ्याच्या पत्र्याखाली गेली आणि काही फळ्या माळ्यावर. आता नाना चहा पिताना धाब्याच्या घराची वैज्ञानिक थोरवी सांगतात, तेव्हा माई कपबश्या जरा जास्तच जोरात उचलतात.

लाकूडकामाची ऑर्डर एकच होती, आणि ती घरचीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक सुरतेहून माहेरी येते, तिच्यासोबत नात. खानदेशात आखाजी झोक्याशिवाय होत नाही. मागच्या खेपेला नातीने दोरावर उशी ठेवून झोका घेतला आणि उशीसकट खाली आली. तेव्हा नानांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की पुढच्या आखाजीला झोक्याला सागाचा पाट असेल. पाट म्हणजे काय, दीड हात फळी आणि चार भोकं. आमच्या मिस्तरीने चहा गार व्हायच्या आत करून दिला असता. नानांनी आधी पत्र्याखाली थर्मामीटर टांगला.

बाहेर 43 तेव्हा आत 48 निघाले. पत्र्याला हात लावून बघण्याचा प्रयोगही झाला. त्याचा आकडा नाही, फोड आहे. नाना एवढ्यावर थांबले नाहीत. बाहेरचं तापमान सावलीत आणि मोकळ्या हवेत मोजलं पाहिजे म्हणून त्यांनी थर्मामीटरसाठी एक लाकडी पेटी केली. हवामान खात्याच्या केंद्रात असते तशी, पांढरी, चारी बाजूंना तिरक्या झडपा, वर दुहेरी छप्पर. झडपा सगळ्या एका कोनात, सांधे असे की नख जाऊ नये. ही पेटी त्यांनी पहाटे चार ते सात अशा वेळात, निंबाखाली ओट्यावर बसून केली, कारण वर्कशॉपमध्ये उकडत होतं. मिस्तरी पेटी हातात फिरवत म्हणाला, "नाना, कबुतरं पाळणार का?"

मग पत्र्याची मोहीम. पहिली चाल पारंपरिक होती: कपाशीच्या पऱ्हाट्या आणि उसाचं पाचट पत्र्यावर अंथरलं. आतला पारा खरोखर उतरला. पण पाचटात उंदीर आले, उंदरांमागे धामण आली, आणि धामण बघून माईंनी नानांना अशा भाषेत समज दिली की ती अहिराणी न कळणाऱ्यालाही कळावी. शिवाय खाली भुसा, वर पाचट आणि मध्ये जुनी वायरिंग. नानांच्याही पोटात गोळा आलाच असणार. पण त्यांनी कारण धामणीचंच दिलं.

दुसरी चाल चुन्याची. यासाठी नानांकडे दाखला होता. अहमदाबादेत 2010 च्या मे महिन्यात पारा 46 च्या पुढे गेला, फार माणसं दगावली, आणि 2013 साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. पुढे तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये छतांना पांढरा रंग देऊन घरं थंड करायचा उद्योगही झाला. पांढरं छत ऊन परत पाठवतं, गंजलेला पत्रा ते आत घेतो, एवढा साधा हिशोब. नानांनी चुना भिजवला, त्यात फेविकॉल घातलं म्हणजे तो पहिल्या वाऱ्याला उडू नये, आणि लांब दांड्याच्या झाडूने तीन हात दिले. भर दुपारी तो पत्रा असा चकाकायला लागला की समोरच्या गच्चीवरच्या काकूंनी पापड वाळत घालताना गॉगल लावला.

तक्रार मात्र खालून आली. त्या पत्र्यावर माई दरवर्षी कुरडया, बिबडे आणि वर्षाची मिरची वाळवत. आमच्या जिल्ह्यात मिरचीला देवाखालोखाल मान. नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग पडतात तेव्हा रस्त्याने जाणारा माणूस शिंकत शिंकतच पुढे सरकतो. एका दिवसात कडक वाळणारी मिरची आता तीन दिवस घ्यायला लागली. "मन्ह्या कुरडया सावलीमा वाळतीन का?" माईंनी विचारलं. नानांनी हा आपल्या प्रयोगाचा पुरावा मानला आणि वहीत लिहून ठेवला.

तिसऱ्या चालीत त्यांचं खातं जागं झालं. केळी-पपईच्या बागेतून निघालेल्या ठिबकच्या जुन्या नळ्या आणल्या, पत्र्याच्या आढ्यावरून सोडल्या आणि पत्र्याला पाणी देणं सुरू केलं. नुसतं पाणी नव्हे, आवर्तन. सकाळी अकरा, दुपारी एक आणि तीन अशा तीन पाळ्या. खात्यातला नियम 'टेल टू हेड', म्हणजे कालव्याच्या शेपटाला आधी पाणी मिळालं पाहिजे, मुखाशी बसलेल्याने आधी ओढायचं नाही. नानांनी पत्र्याच्या टोकापासून पाणी सोडायला सुरुवात केली. आयुष्यभर जो नियम कालव्यावर कुणी पाळला नाही, तो पत्र्याने निमूट पाळला. नानांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं, ते रिटायरमेंटच्या सत्काराच्या फोटोतही नाही.

पण नळाला पाणी एक दिवसाआड. दुसऱ्याच आठवड्यात माईंनी पाणीवापर संस्थेच्या थाटात टाकीच्या कॉकला कुलूप लावलं. आवर्तन रद्द.

मग कूलर आला, आणि इथून नाना शास्त्रज्ञ झाले. त्यांनी दोन थर्मामीटर शेजारी लावले; एक कोरडा, एकाच्या फुग्याला ओलं फडकं. "बघ," ते मला म्हणाले, "कोरडा 43, ओला 24. फरक 19. कूलर कितीही बापाचा असला तरी ओल्या फडक्याच्या खाली जाऊ शकत नाही. चांगल्यातला असेल तर या फरकातले रुपयाला तेरा आणे काढतो. म्हणजे 15. म्हणजे 28 ची हवा मिळते." मी म्हटलं, "मस्त." ते म्हणाले, "मस्त नाही. कूलर हवा थंड करतो हे खोटं. तो हवेतला कोरडेपणा खर्च करतो. म्हणून समोरची खिडकी उघडी पाहिजे. दमट हवा बाहेर गेली नाही, तर तासाभराने तू मुंबईत." नानांच्या दृष्टीने मुंबई ही शिक्षा आहे. त्यांचा धाकटा भाऊ तिथे असतो.

कूलर ठेवायला स्टँड पाहिजे. लोखंडी स्टँड कुठेही मिळतो. नानांनी बाभळीचा केला. पाय किंचित बाहेर झुकलेले, आडव्या पट्ट्या खाचेत बसवलेल्या, एक खिळा नाही. हेही निंबाखाली, पहाटे. नंतर समोरच्या खिडकीला तिरक्या पट्ट्यांची झडप केली, म्हणजे हवा बाहेर जावी आणि ऊन आत येऊ नये. पश्चिमेच्या दाराला वाळ्याच्या ताटीसाठी सागाची चौकट केली. दाराबाहेर केळीवाले बागेच्या कडेला झळा अडवायला लावतात ती हिरवी नेट ताणली, आणि ती ताणायला गुंडाळता येईल असा लाकडी रूळ, कप्पीसकट. मिस्तरी येता-जाता हे सगळं बघायचा. एकदा तो मला हळूच म्हणाला, "हात चांगला आहे हो नानांचा. काम का करत नाहीत?"

कूलर चालू झाल्यावर मात्र नवी आघाडी उघडली. कूलरच्या बाजूच्या जाळ्यांत जो भुसकटासारखा पिंजर भरतात तो लाकडाचाच असतो, हे नानांच्या लक्षात आलं. घरात रंध्याच्या सागाच्या ढलप्यांची दोन पोती पडलेली, आणि विकतचा पिंजर आणायचा? नानांनी सागाच्या ढलप्या भरल्या. सागाला पाणी लागलं की तो रंग सोडतो. कूलरच्या टाकीत संध्याकाळपर्यंत बिनदुधाचा चहा तयार झाला, आणि तो गळून मोरीच्या वाटेने माईंच्या भिजवलेल्या साड्यांपर्यंत गेला. ढलप्या त्याच रात्री बाहेर आल्या. नाना म्हणाले, रंग पक्का आहे. माई म्हणाल्या, ते मला माहीत आहे.

शिवाय माणसाला पाहिजे थंड आणि लाकडाला पाहिजे कोरडं. उन्हाळ्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी, की दारं चौकटीत खुळखुळतात आणि पावसाळ्यात जे कपाट खांदा लावून उघडावं लागतं ते मांजर घासून गेलं तरी उघडतं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेबरोबर फुगतं आणि आक्रसतं; फूटभर रुंद सागाच्या फळीत कोरड्या आणि दमट हवेमधला फरक दीड-दोन मिलीमीटर सहज पडतो. अशा लाकडासमोर नानांनी कूलर लावला. पटाश्यांवर तांबेरा चढला. त्यांना खोबरेल तेल चोळण्यात एक आठवडा गेला. कूलर लावावा तर लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढुरकं पडे, बंद करावा तर फेविकॉल शिकंजा आवळायच्या आत साय धरे. दुपारी व्होल्टेज इतकं उतरायचं की कूलर आणि ड्रिल एकदम लावलं तर दोघंही कण्हायचे. आणि लाईट गेली, की मग कुठल्याच थर्मामीटरची गरज नसायची.

झोक्याच्या पाटाची फळी, वडिलांच्या घरातली, जुनी, सोन्यासारख्या रंगाची, या काळात बेंचवर कूलरच्या थेट तोंडासमोर पडून होती. "तिला इथल्या हवेची सवय होऊ दे" म्हणून. चैत्र संपता संपता नानांनी तिच्यावर आडवी पोलादी पट्टी ठेवून खाली वाकून बघितलं. मला बोलावलं. दोन्ही कडांना पट्टीखालून बारीक उजेड दिसत होता. फवाऱ्याकडची बाजू पाणी पिऊन फुगली होती, भट्टीकडची कोरडी राहिली होती, आणि फळीने कमान धरली होती. दोन मिलीमीटर. नाना स्टुलावर बसले. कालवा फुटल्याची बातमी आल्यावर बसत असतील तसे.

"उलटी करून ठेवा," मी म्हटलं. "दुसरी बाजू पिईल तेवढंच."

"पिईल," नाना म्हणाले. "पण आखाजीच्या आत नाही."

एवढं मात्र खरं, की वर्कशॉप थंड झालं होतं. चुना, नेट, ताटी, झडप, कूलर, सगळं मिळून भर दुपारी दोनला आत 29 होते. शहाद्यात त्या वेळी 29 म्हणजे तोरणमाळ. ही बातमी लपण्यासारखी नव्हती. आधी माई निवडायची डाळ घेऊन आल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी बहिणीला आणलं. समोरच्या काकू वाती वळायला आल्या, शेजारचा बारावीचा मुलगा पुस्तकं घेऊन आला आणि अभ्यासाच्या जागी घोरायला लागला. बेंच मोठा, गुळगुळीत आणि गार. त्यावर शेवयांचं पीठ मळायला सुरुवात झाली. आकृतीच्या फळीवरची पहिली जागा रिकामी झाली ती याच दिवसांत. दीड इंची पटाशी नारळ फोडायला गेली होती. हजेरीपटात खाडा पडला तो असा.

नाना दारात यायचे. आत सहा-सात बायका, मध्ये परात. "काय काम व्हतं का?" माई विचारायच्या. काम म्हणजे काय सांगणार? भुसा उडवायचा होता? शेवयांवर?

आखाजीच्या आदल्या दिवशी लेक आली, नात आली. झोका कुठे बांधायचा यावर चर्चाच झाली नाही. वर्षानुवर्षं निंबाला बांधत, पण आता घरात निंबापेक्षा गार जागा होती, आणि पत्र्याखाली नानांच्या वडिलांच्या घरातली तुळईही होती. माईंनी बेंचवरची फळी उचलली, मिस्तरीला हाक मारली, त्याने खिशातल्या पेन्सिलीने चार खुणा केल्या आणि गिरमिटाने चार भोकं पाडली. उभ्या उभ्या. पाच मिनिटंही लागली नसतील. नाना पट्टी हातात घेऊन सांगत होते, की अजून एक बाजू रंधायची आहे, कडा गोल करायच्या आहेत, लाखेचे निदान तीन हात, आणि मुख्य म्हणजे ती सपाट नाही. मिस्तरीने फळीला डोळा लावला. "कुठंय बाक?" त्याने विचारलं. नाना दाखवायला वाकले, तोवर नात तिच्यावर बसली होती.

दोन मिलीमीटर कुणाला टोचले नाहीत. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी एकेकदा तुळईखालून झुलून गेल्या. कूलरचा फवारा आणि झोक्याचा वारा. पोरींनी गाणी म्हणताना आवाज असा लावला की गोठ्याच्या भिंतींनी म्हशींनंतर पहिल्यांदाच काही ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि आमरस खाऊन मंडळी तिथेच आडवी झाली, हे सांगायला नको.

त्या दुपारी मी गेलो तेव्हा नाना बाहेर निंबाच्या ओट्यावर होते. अंगात बनियन, डोक्यावर ओला पंचा, कानामागे पेन्सिल. भोवती झळा चालल्या होत्या आणि ते बुंध्यापासून सावलीची कड मोजत होते. शेजारी पांढरी पेटी, तिच्यात थर्मामीटर.

"हे टोक धर," ते म्हणाले. "बुंध्याला लाव."

"काय करताय?"

"इथे 40. आत 29 आहे, पण आत लोक आहेत. आता बेंच इथंच टाकतो. सावली दोनपर्यंत ओट्यावर असते, नंतर पश्चिमेकडून ऊन येतं. तेवढ्याला एक उभी ताटी करायची. ओली ठेवली तर वारा गार लागेल. चौकट सागाची नको, बाभळीची करू." त्यांनी वही उघडली. पान नवं होतं. वर तारीख घातलेली, खाली ओट्याचा नकाशा, दिशांच्या बाणासकट. "पाणी कुठून घ्यायचं एवढाच प्रश्न आहे."

"आणि पावसाळ्यात?"

नानांनी वर निंबाकडे बघितलं. मग वहीत एक ओळ वाढवली.

आतून झोक्याची कडी कुरकुरली, थांबली, आणि माईंची हाक आली, "आयका ना, कूलरमा पानी सरनं!"

नानांनी टेपचं दुसरं टोकही माझ्या हातात दिलं, कॉकच्या कुलपाची किल्ली मागायला दारापर्यंत गेले, आणि आत जायच्या आधी मागे वळून म्हणाले, "हलू नको. कड सरकते आहे, आलो की परत मोजू."